रेखांशनिश्चिती, मनगटी घड्याळाने

समुद्रावरील जहाजाचा वा नौकेचा रेखांश मनगटावर बांधावयाच्या साध्या घड्याळाच्या आणि सूर्य, चंद्र वा तारे यांच्या वेधांच्या साहाय्याने काढण्याची पद्धती. या पद्धतीत घड्याळ ग्रिनिच येथील वेळ सांगते व आकाशस्थ ज्योती स्थानिक वेळ सांगते. या दोन वेळांतील फरक म्हणजेच ग्रिनिचपासूनचे पूर्वेकडील वा पश्चिमेकडील कोनीय अंतर होय. अशा कामासाठी अतिशय अचूक व महागडे घड्याळच हवे, असा समज रूढ आहे. तथापि तो पूर्णतः खरा नाही. घड्याळ किती चुकते यापेक्षा ते रोज सारखेच चुकते काय आणि ती चूक नाविकाला ठाऊक आहे काय, यांवर रेखांशाची विश्वसनीयता अवलंबून असते.

तत्त्व : पृथ्वी माध्य सूर्याच्या संदर्भात २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजे १ तासात १५°, ४ मिनिटांत १° आणि ४ सेकंदांत १ कला (अंशाचा साठावा भाग). एखाद्या स्थळी सूर्य याम्योत्तर वृत्तावर (खस्वस्तिक व उत्तर-दक्षिण बिंदू यांतून जाणाऱ्या वर्तुळावर) येतो, तो त्या स्थळाचा मध्यान्ह होय. हा क्षण ग्रिनिचच्या मध्यान्हापूर्वी जितके तास आला असेल, त्याच्या १५ पट अंश ते स्थळ ग्रिनिचच्या पूर्वेस असते. विषुववृत्तावर रेखांशाची १ कला म्हणजे १ सागरी मैल (१·८५२ किमी.); अक्षांश वाढतो तसे हे अंतर अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात कमी होते. मुंबईच्या अक्षांशावर घड्याळातील ४ सेकंदांच्या चुकीने स्थान सु. १·७५ किमी. सरकते.

अक्षांश काढण्यास घड्याळाची अशी गरज नसते. ध्रुवताऱ्याचा उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) किंवा मध्यान्हीच्या सूर्याचा उन्नतांश व त्या दिवसाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) यांवरून तो मिळतो. म्हणूनच अक्षांश शतकानुशतके नाविकांच्या आवाक्यात होता, तर रेखांश मात्र केवळ वेग व दिशा यांच्या अंदाजावर सोडावा लागे.

ऐतिहासिक आढावा : ज्ञात रेखांशाच्या स्थळाची वेळ घड्याळाच्या रूपाने बरोबर नेऊन रेखांश काढता येईल, ही कल्पना गेमा फ्रिसियस यांनी १५३० मध्ये मांडली. परंतु त्या काळची घड्याळे दिवसाला कित्येक मिनिटे चुकत असल्यामुळे ती व्यवहारात आली नाही. अंदाजाच्या नौकानयनाची किंमत किती मोठी असते, हे १७०७ मध्ये दिसून आले. त्या वर्षी ब्रिटिश ॲड्‌मिरल क्लाउड्‌स्ली शॉव्हेल यांच्या ताफ्यातील चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आदळून हजारांहून अधिक माणसे बुडाली. या काळात वाढलेल्या मागणीतून ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये रेखांशविषयक कायदा केला आणि अर्ध्या अंशाच्या आत रेखांश देणाऱ्या पद्धतीस २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे. वेस्ट इंडीजपर्यंतच्या सु. सहा आठवड्यांच्या प्रवासात एवढीच चूक चालणार असेल, तर घड्याळाची गती दिवसाला ३ सेकंदांपेक्षाही कमी अनिश्चित असली पाहिजे.

ही अट जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) यांनी पूर्ण केली. आधीची तीन अवजड यंत्रे बनविल्यानंतर १७५९ मध्ये त्यांनी पूर्ण केलेले चौथे यंत्र मोठ्या खिशातील घड्याळासारखे, सु. १३ सेंमी. व्यासाचे होते. १७६१–६२ मध्ये जमेकाच्या प्रवासात त्याची परीक्षा झाली. दिवसाला २ २/३ सेकंद मागे पडण्याची त्याची ज्ञात गती हिशेबात धरल्यावर ८१ दिवसांनंतर उरलेली चूक केवळ सु. ५ सेकंद होती. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ८१ दिवसांत हे घड्याळ प्रत्यक्षात साडेतीन मिनिटांहून अधिक मागे पडले होते. ती गती हिशेबात धरली नसती, तर इतके उत्कृष्ट यंत्रही रेखांशात सु. ५४ कलांची चूक देऊन पारितोषिकाच्या मर्यादेबाहेर गेले असते. लार्कम केंडल यांनी केलेली या यंत्राची प्रतिकृती कॅप्टन जेम्स कुक यांनी १७७२–७५ च्या सफरीत वापरली व तिची उपयुक्तता निर्विवाद सिद्ध झाली.

याच सुमारास नेव्हिल मॅस्केलिन यांनी चंद्र व तारा यांमधील कोनीय अंतरावरून वेळ काढण्याची पद्धती प्रचारात आणली. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सु. अर्धा अंशच सरकत असल्यामुळे मोजणीतील १ कलेच्या चुकीने वेळेत सु. २ मिनिटांची व रेखांशात सु. ३० कलांची चूक येते. शिवाय गणित लांबलचक असते. त्यामुळे कालमापके स्वस्त झाल्यावर ही पद्धती मागे पडली. मात्र घड्याळ बंद पडल्यास वेळ पुन्हा मिळविण्याचा एक मार्ग म्हणून तिचे महत्त्व राहिले.

मनगटी घड्याळाचा प्रवेश : जहाजावरील मुख्य कालमापक पेटीत, झुलत्या आधारावर ठेवलेला असतो, तो डेकवर आणत नाहीत. वेध घेताना लहान घड्याळ त्याच्याशी जुळवून बाहेर नेतात व त्यावर क्षण वाचतात. विमानात व लहान नौकेत मोठ्या पेटीस जागा नसल्यामुळे हे लहान घड्याळच मुख्य साधन बनले. जुन्या मनगटी घड्याळात सेकंदकाटा थांबवून अचूक लावण्याची सोय नसे. ही अडचण अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी पी. व्ही. एच. वीम्स यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दूर केली. त्यांच्या रचनेत काटा न थांबविता सेकंदांची तबकडीच फिरवून रेडिओ संकेताशी जुळविता येई. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या सूचनेनुसार लाँजीन कंपनीने १९३१ मध्ये काढलेल्या घड्याळावर वेळेबरोबर अंश व कलाही वाचता येत असत.

चूक व गती : घड्याळाविषयी दोन राशी स्वतंत्रपणे जाणून घ्याव्या लागतात. विशिष्ट क्षणी घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे वा मागे आहे, ही त्याची चूक. आणि ही चूक दर दिवशी जितकी वाढते वा घटते, ती त्याची गती. दिवसाला नियमितपणे ८ सेकंद पुढे जाणारे घड्याळ नौकानयनास उत्तम ठरते, कारण कोणत्याही दिवसाची चूक गुणाकाराने मिळते. याउलट एक दिवस ३ सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी ४ सेकंद मागे असे चालणारे घड्याळ महिनाअखेरीस योगायोगाने बरोबर दिसले, तरी मधल्या कोणत्याही दिवशी त्यावर विसंबता येत नाही.

यावरून पुढील नियम निघतात : (१) प्रवासापूर्वी निदान दोन-तीन आठवडे घड्याळ रोज ठराविक वेळी प्रमाण वेळेशी ताडून पाहून चूक वहीत नोंदवावी व तीवरून गती काढावी. (२) एकदा नोंद सुरू केल्यावर घड्याळ पुन्हा लावू नये. काटे हलविल्यास मागील सर्व नोंदींचा धागा तुटतो. (३) चावीचे घड्याळ रोज त्याच वेळी चावी देऊन चालू ठेवावे. (४) ते एकतर सतत मनगटावर असावे किंवा सतत एकाच जागी, एकाच स्थितीत ठेवावे. (५) शक्य असल्यास तीन घड्याळे ठेवावीत. दोहोंत फरक पडल्यास कोणते चुकले हे कळत नाही, तिहींत ते कळते. १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर रेखांशमापनासाठी २२ कालमापके होती, ती याच कारणाने.

यांत्रिक घड्याळाची गती तापमान, स्थिती व चावीचा ताण यांनुसार बदलते. क्वॉर्ट्‌झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा स्फटिक असतो. पहिले क्वॉर्ट्‌झ मनगटी घड्याळ जपानमध्ये डिसेंबर १९६९ मध्ये विक्रीस आले. सर्वसाधारण क्वॉर्ट्‌झ घड्याळ महिन्यास सु. १५ सेकंदांच्या आत चुकते. त्याच्या स्फटिकाची कंप्रता सु. २५° से. तापमानास कमाल असते व तापमान त्यापासून दोहोंकडे दूर गेल्यास घटते. ५° से. तापमानास असे घड्याळ दिवसाला १ सेकंदाहून अधिक मागे पडू शकते. मनगटावर तापमान बहुतांशी स्थिर राहत असल्यामुळे अंगावर वापरलेले साधे घड्याळ पुष्कळदा अनपेक्षित नियमितपणा दाखविते.

वेळेची पडताळणी : जहाजांच्या कालमापकांसाठी ग्रिनिच येथे १८३३ पासून रोज दुपारी एक वाजता मनोऱ्यावरील गोळा खाली सोडण्यात येऊ लागला. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापली, तीमागेही बंदरातील जहाजांना वेळ पुरविणे हा एक हेतू होता. आयफेल मनोऱ्यावरून १९१० मध्ये रेडिओ कालसंकेत सुरू झाले व बी. बी. सी.ने फेब्रुवारी १९२४ मध्ये सहा ठोक्यांचा संकेत सुरू केला. रेडिओ संकेतामुळे भर समुद्रातही घड्याळाची चूक काढता येऊ लागली. मात्र इंटरनेटवरून ऐकलेला ध्वनिसंकेत काही सेकंद उशिरा पोहोचतो. तो या कामी निरुपयोगी होय. प्रसारित होणारी समन्वित जागतिक वेळ पृथ्वीच्या प्रत्यक्ष भ्रमणावर आधारलेल्या वेळेपासून ०·९ सेकंदापेक्षा अधिक दूर जाऊ दिली जात नाही. त्यामुळे येणारी चूक पाव कलेहून कमी असते.

रेखांश ज्ञात असेल, तर हीच प्रक्रिया उलट करून घड्याळाची चूक काढता येते. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतील जहाज नष्ट झाल्यावर सहा जण ‘जेम्स केअर्ड’ या सु. ७ मी. लांबीच्या होडीतून मदत आणण्यास निघाले. २४ एप्रिल १९१६ रोजी एलिफंट बेट सोडण्यापूर्वी सूर्य दिसताच नाविक फ्रँक वर्स्ली यांनी त्या बेटाच्या ज्ञात रेखांशावरून आपल्या एकमेव चालू घड्याळाची चूक निश्चित केली. पुढील सु. ८०० सागरी मैलांच्या प्रवासात सूर्याचे वेध मोजकेच मिळाले. स्थान सु. दहा मैलांपर्यंत अनिश्चित असल्याचे वर्स्ली यांनी सांगितल्यावर, बेट हुकून अटलांटिक महासागरात जाण्याचा धोका टाळण्यासाठी साउथ जॉर्जियाच्या वस्ती नसलेल्या पश्चिमेकडील किनाऱ्याकडेच होडी वळविण्यात आली व १० मे रोजी ते तेथे उतरले. चुकीचे प्रमाण ठाऊक असणे हेही ज्ञानच होय, हे या प्रसंगावरून दिसते.

समान उन्नतांश पद्धती : मध्यान्हाच्या सुमारास सूर्य काही काळ जवळजवळ एकाच उंचीवर रेंगाळतो, त्यामुळे तो सर्वोच्च कधी झाला, हे नुसते पाहून अचूक सांगता येत नाही. म्हणून मध्यान्हापूर्वी सेक्स्टंटने सूर्याचा उन्नतांश मोजून क्षण नोंदवितात, उपकरण त्याच कोनावर स्थिर ठेवतात आणि दुपारी सूर्य उतरताना पुन्हा त्याच उंचीवर आल्याचा क्षण नोंदवितात. दोन्ही क्षणांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. कोन दोन्ही वेळी एकच असल्यामुळे सेक्स्टंटमधील स्थिर दोष व वातावरणातील प्रणमन (प्रकाशकिरणांची दिशा बदलणे) यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.

स्पष्ट (प्रत्यक्ष दिसणारा) सूर्य व माध्य सूर्य यांच्या वेळांतील फरकास कालसमीकरण म्हणतात. नोव्हेंबरच्या आरंभी स्पष्ट सूर्य सु. १६ १/२ मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास सु. १४ मिनिटे मागे असतो. हे मूल्य नाविक पंचांगातून घ्यावे लागते.

उदाहरणादाखल, १७° उत्तर अक्षांशावर रत्नागिरीच्या पश्चिमेस २२ डिसेंबर रोजी एक नौका स्थिर उभी आहे, असे मानू. घड्याळ भारतीय प्रमाण वेळेस लावलेले असून १२ डिसेंबर रोजी ते ६ सेकंद पुढे होते व दिवसाला १·२ सेकंद पुढे जाते. समान उन्नतांश घड्याळाच्या ११ ता. २२ मि. २० से. आणि १४ ता. ३ मि. १६ से. या क्षणी मिळाले.

दोहोंचा मध्य १२ ता. ४२ मि. ४८ से. येतो. दहा दिवसांत १२ सेकंदांची भर पडून घड्याळ १८ सेकंद पुढे आहे. म्हणून मध्यान्हाची खरी भारतीय प्रमाण वेळ १२ ता. ४२ मि. ३० से. होय. तीतून ५ ता. ३० मि. वजा केल्यावर ग्रिनिच माध्य वेळ ७ ता. १२ मि. ३० से. मिळते. पंचांगात त्या क्षणाचे कालसमीकरण १ मि. ३० से. (स्पष्ट सूर्य पुढे) दिले आहे, असे समजल्यास ग्रिनिचची स्पष्ट वेळ ७ ता. १४ मि. ० से. होते. नौकेवर स्पष्ट वेळ १२ ता. आहे. फरक ४ ता. ४६ मि.; त्यास १५ ने गुणिल्यास ७१° ३०′ पूर्व हा रेखांश मिळतो.

आता घड्याळाची चूक दुर्लक्षिली असती तर काय झाले असते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. १८ सेकंदांमुळे रेखांश ४ १/२ कला कमी, म्हणजे ७१° २५ १/२′ आला असता. नौका प्रत्यक्ष स्थानाच्या सु. ८ किमी. पश्चिमेस आहे, असा नाविकाचा समज झाला असता. म्हणजे कोकणचा किनारा त्याला वाटतो त्यापेक्षा ८ किमी. जवळ राहिला असता. रात्री वा धुक्यात किनाऱ्याकडे येताना हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. कालसमीकरण विसरल्यास या उदाहरणात २२ १/२ कलांची, तर नोव्हेंबरच्या आरंभी ४° हून अधिक चूक झाली असती.

वरील उदाहरणासाठी डिसेंबरचा दिवस निवडण्याचे कारण असे की, त्या सुमारास सूर्याची क्रांती जवळजवळ स्थिर असते. विषुवदिनांच्या सुमारास ती दिवसाला सु. २४ कलांनी बदलते व दोन क्षणांचा मध्य खऱ्या मध्यान्हापासून काही सेकंद सरकतो. त्यासाठी संस्कार करावा लागतो. नौका चालती असल्यास तिच्या गतीचाही संस्कार आवश्यक असतो. उदाहरणातील परिस्थितीत सूर्याची उंची मिनिटाला सु. ६ १/२ कलांनी बदलते. म्हणून एका मोजणीत १ कलेची चूक झाल्यास तो क्षण सु. ९ सेकंदांनी व मध्य त्याच्या निम्म्याने बिघडतो. यावरून लहान नौकेत घड्याळापेक्षा हाताची व क्षितिजाची अनिश्चितताच पुष्कळदा अधिक असते, हे स्पष्ट होईल.

इतर पद्धती : अक्षांश ज्ञात असल्यास सकाळी वा सायंकाळी, सूर्य पूर्वेस वा पश्चिमेस असताना घेतलेल्या एकाच उन्नतांशावरून गोलीय त्रिकोणमितीने स्थानिक वेळ काढता येते. अमेरिकन कप्तान टॉमस समनर यांना १८३७ मध्ये असे आढळले की, अक्षांश अनिश्चित असला तरी एका वेधावरून नौका ज्या रेषेवर असली पाहिजे ती स्थानरेषा नकाशावर काढता येते. अशा दोन रेषांच्या छेदावरून स्थान निश्चित होते. आधुनिक पद्धती याच कल्पनेवर उभारलेल्या आहेत व त्यांनाही अचूक वेळ लागतेच.

सेक्स्टंट नसल्यास समुद्राच्या मोकळ्या क्षितिजावर सूर्याची वरची कड उगवताना दिसण्याचा व मावळताना नाहीशी होण्याचा क्षण घड्याळावर नोंदवून त्यांचा मध्य घेता येतो. नौका स्थिर असल्यास १७° अक्षांशावर क्रांतीच्या बदलामुळे येणारी चूक विषुवदिनाच्या सुमारासही केवळ सु. ७ सेकंद, म्हणजे २ कलांहून कमी असते; ६०° अक्षांशावर मात्र ती सु. ४० सेकंदांपर्यंत जाते. उष्ण कटिबंधात संकटग्रस्त नाविकाला हा उपाय विशेष उपयोगी आहे. तासकाट्यावरून दक्षिण दिशा ओळखण्याची परिचित युक्ती याहून अगदी वेगळी असून तिचा रेखांशाशी संबंध नाही.

आधुनिक स्थिती : उपग्रहीय स्थाननिश्चितीमुळे नित्याच्या नौकानयनात ही पद्धती मागे पडली आहे. तथापि उपग्रहांचे संकेत दुर्बल असतात व ते हेतुतः दाबता वा खोटे पाठविता येतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने खगोलीय नौकानयनाचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहैली’ या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८–६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सेक्स्टंट व घड्याळ यांच्याच आधारे. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ भरविण्यात येणाऱ्या स्पर्धेत उपग्रहीय साधनांस मनाई असते. या स्पर्धेत भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २९ एप्रिल २०२३ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून दुसरा क्रमांक मिळविला.

भ्रमणध्वनी व तत्सम आधुनिक घड्याळे जाळ्याच्या वा उपग्रहाच्या साहाय्याने स्वतःची वेळ सतत दुरुस्त करतात. जोवर संपर्क आहे तोवर ती अचूक असतात. परंतु संपर्क तुटताच ती साध्या क्वॉर्ट्‌झ घड्याळासारखीच चुकू लागतात आणि त्यांची गती कोणी कधी नोंदविलेली नसते. अशा वेळी महिनोन्‌महिने न लावलेले, पण ज्याची रोजची चूक वहीत उतरविली आहे असे मनगटावरील साधे घड्याळ अधिक भरवशाचे ठरते. रेखांशाच्या गणितात घड्याळ आणि वही ही दोन्ही मिळूनच एक साधन बनते.